सांतोरिनीच्या कड्यावर खोली घेताय? आधी पायऱ्या मोजा

भाचीचं लग्न ठरलं आणि आठवड्याभरात तिचा फोन आला. "मावशी, सांतोरिनीचं हॉटेल सुचव ना. ते कड्यावरचं, पांढरं, निळा स्विमिंग पूल असलेलं."

"अगं, पण कुठल्या दिशेचं?"

"दिशा कसली? समुद्राकडे तोंड असलेलं!"

सांतोरिनी हे ग्रीसचं बेट, आणि बेटावर चहूकडे समुद्रच असतो, हे तिला सांगितलं आणि कागद-पेन घेऊन बसायला लावलं. आम्ही दोघं लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला तिथे गेलो होतो. घर घेतानाही केला नसेल एवढा अभ्यास करून गेलो, तरी दोन गोष्टींत फसलोच. भाचीला जे सांगितलं तेच इथे क्रमाने लिहिते. पहिल्यांदाच युरोपला निघालेल्यांना आणि खिशाला न परवडणारी एखादी गोष्ट आयुष्यात एकदा करायचीच असं ठरवलेल्यांना उपयोग होईल.

आधी बेट समजून घ्या

सांतोरिनीला ग्रीक लोक थिरा म्हणतात. एजियन समुद्रातल्या सायक्लेडीज बेटांपैकी हे एक. नकाशात चंद्रकोरीसारखं दिसतं. इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास इथे ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला, मधली जमीन खचली आणि त्या खळग्यात समुद्र शिरला. हा खळगा म्हणजे काल्देरा. साधारण १२ किलोमीटर लांब, ७ किलोमीटर रुंद. कोरीच्या आतल्या अंगाला जमीन सुरीने कापल्यासारखी तुटलेली आहे आणि कड्याची उंची ३०० मीटरपर्यंत जाते. बाहेरच्या, म्हणजे पूर्वेच्या अंगाला तीच जमीन हळूहळू उतरत कामारी आणि पेरिसाच्या काळ्या वाळूला मिळते.

म्हणून जाहिरातीत "सी व्ह्यू" लिहिलं असेल तर ते हॉटेल पूर्वेच्या सपाटीवरही असू शकतं. ते खोटं बोलत नाहीत, समुद्र दिसतोच. फोटोतला कडा हवा असेल तर "काल्देरा व्ह्यू" हेच शब्द शोधायचे.

कड्यावरच्या त्या गुहेसारख्या खोल्या हॉटेलवाल्यांची टूम नाही. ज्वालामुखीची राख आणि प्युमिस नावाचा सच्छिद्र दगड यांचे थर कोरायला सोपे, आणि बेटावर घर बांधायला लाकूड जवळजवळ नाहीच. म्हणून लोकांनी कड्यात आडव्या गुहा खोदल्या, पुढे भिंत घातली, तिला एक दार आणि दोन खिडक्या ठेवल्या. अशी घरं खलाशांची आणि गरिबांची. जहाजांचे कप्तान वर, दुमजली वाड्यांत राहायचे. ९ जुलै १९५६ च्या भूकंपात गावंच्या गावं पडली, पुष्कळ लोक बेट सोडून गेले. पुढे १९७० च्या दशकात ग्रीसच्या राष्ट्रीय पर्यटन संस्थेने ईआ गावातली पडकी घरं दुरुस्त करून त्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली. आज एका रात्रीला आपण जो आकडा मोजतो तो अशा खलाशाच्या बिऱ्हाडासाठी, हे लक्षात असलं की खोली लहान का, म्हणून तक्रार करावीशी वाटत नाही. निदान कमी वाटते.

पहिली पायरी: गाव आणि दिशा

कड्यावर लागून चार गावं आहेत. दक्षिणेकडून निघालं की फिरा, मग फिरोस्तेफानी, मग इमेरोविग्ली, आणि पार उत्तरेच्या टोकाला ईआ.

फिरा ही राजधानी. बसस्टँड, दुकानं, बार आणि क्रूझमधून उतरलेली गर्दी, सगळं इथेच. फिरोस्तेफानी तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत. दृश्य तेच, आवाज निम्मा. इमेरोविग्ली कड्याचा सर्वांत उंच भाग. नावातच दिवसाचा पहारा आहे, कारण इथून चाच्यांच्या गलबतांवर नजर ठेवत. समोर स्कारोसचा खडक, खाली खोल पाणी आणि संध्याकाळी खरी शांतता. ग्रेससारखी नावाजलेली हॉटेलं इथे आहेत. ईआ सर्वांत देखणं आणि सर्वांत महाग. कनावेस, कटिकिएस ही पोस्टकार्डावरची नावं तिथली.

आता दिशेची गोष्ट. फिरा ते इमेरोविग्ली हा कडा पश्चिमेकडे बघतो, त्यामुळे गच्चीतून सूर्यास्त सहज दिसतो, थिरासिया बेटाच्या आसपास. ईआचा काल्देराकडचा उतार मात्र मुख्यतः दक्षिणेकडे बघतो. जून-जुलैत सूर्य वायव्येकडे सरकलेला असतो, म्हणजे ईआतल्या बऱ्याच महागड्या गच्च्यांवरून तो गावाच्या पाठीमागे जातो. जगभर गाजलेला सूर्यास्त बघायला मग त्या खोलीतली माणसंसुद्धा टोकावरच्या पडक्या किल्ल्यापाशी, गर्दीत खांद्याला खांदा लावून उभी असतात. खोली सोडून बाहेर जायचंच आहे तर खोलीसाठी एवढे पैसे का मोजायचे?

माझं मत विचाराल तर राहायला इमेरोविग्ली, आणि ईआ एका सकाळी आठच्या आत फिरून यायचं. ज्यांना निळे घुमट खिडकीतूनच हवेत त्यांनी ईआ घ्यावं, पण सूर्याची दिशा विचारूनच. घुमट चर्चचे आहेत. त्यांच्यावर किंवा लोकांच्या छपरांवर फोटोसाठी चढू नये, एवढं आपल्याकडून पाळावं.

दुसरी पायरी: महिना आणि व्हिसा

कड्यावरची बहुतेक हॉटेलं एप्रिल ते ऑक्टोबर उघडी असतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक, दर चढे आणि उत्तरेकडून मेल्तेमी वारा सुटलेला. टेबलावरचा रुमाल समुद्रात जाईल असा. मेचा दुसरा पंधरवडा किंवा सप्टेंबरचा शेवट मला सर्वांत बरा वाटतो. एप्रिलमध्ये दर खाली असतात, पण पूलचं पाणीही गार असतं.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवण्यातच आठवडे जातात, तेव्हा तीन महिने हाताशी ठेवा. मोठ्यांसाठी शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी हवीत. इटली किंवा फ्रान्सही जोडणार असाल तर ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज.

अर्जाला हॉटेलचं बुकिंग जोडावं लागतं आणि नवी जोडपी नेमकी इथे अडकतात. पैसे परत न मिळणारा दर वीस-पंचवीस टक्के स्वस्त दिसतो, हात शिवशिवतो. व्हिसा पासपोर्टवर चिकटून घरी येईपर्यंत तो घ्यायचा नाही. रद्द करता येणारा दर घ्या आणि रद्द करण्याची शेवटची तारीख कॅलेंडरवर लाल रंगाने लिहून ठेवा. तिथलं घड्याळ आपल्या मागे असतं, उन्हाळ्यात अडीच तास.

तिसरी पायरी: वर्णनातला शब्द न् शब्द वाचा

"केव्ह सूट" म्हणजे कमानीच्या छताची गुहा. उन्हातून आत शिरलं की माठातल्या पाण्यासारखा गारवा. पण खिडक्या पुढेच, म्हणून मागचा भाग अंधारा आणि थोडा दमट. आंघोळीनंतर आरसा अर्धा तास धुरकट राहतो आणि टॉवेल वाळत नाही. दम्याचा त्रास असेल तर विचार करून घ्या. काही सूटमध्ये न्हाणीघराला दारच नसतं, अर्धी भिंत किंवा पडदा. हनिमूनला गेलेल्यांनाही एवढा रोमान्स झेपेलच असं नाही.

"प्लंज पूल" म्हणजे डुंबायचं कुंड. दोन हात मारले की भिंत. "प्रायव्हेट" आहे की शेजारच्यांबरोबर "शेअर्ड", हे बघा. "हीटेड" लिहिलं नसेल तर तो गरम नाही असंच समजा. "जकूझी" बाहेर आहे की गुहेच्या आत, हेही बघा. आतल्या जकूझीतून भिंत दिसते, समुद्र नाही.

आणि "प्रायव्हेट टेरेस". इथे आम्ही फसलो. कड्यावर घरं एकावर एक रचलेली असतात, खालच्याचं छत ते वरच्याचं अंगण. आमची गच्ची स्वतंत्र होती, त्यात वाद नाही. पण तिच्या बरोबर डोक्यावरून गावाची सार्वजनिक पाऊलवाट जात होती. पहिल्या सकाळी मी हौसेने पाण्यात उतरले, मान वर केली, तर कठड्यावर सात-आठ जण फोन रोखून उभे. ते फोटो काढत होते समुद्राचा, मी मध्ये आले एवढंच. त्यानंतर तीन दिवस ते कुंड आम्ही रात्री जेवणानंतर वापरलं.

असं होऊ नये म्हणून उपग्रह नकाशावर हॉटेल मोठं करून बघा. पांढऱ्या चौकोनांच्या मधून जाणारी बारीक रेघ म्हणजे पाऊलवाट. तुमच्या खोलीच्या वर आहे की खाली, ते तिथेच कळतं. मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा, हॉटेलने टाकलेले नाहीत.

चौथी पायरी: हॉटेलला पत्र

बुकिंगच्या आधी एक ईमेल पाठवा. चांगल्या हॉटेलांचं उत्तर दोन दिवसांत येतं, आणि उत्तराच्या सुरावरून पुढची वागणूकही कळते. एवढं विचारा:

- गाडी थांबते तिथपासून रिसेप्शनपर्यंत किती पायऱ्या? रिसेप्शनपासून आमच्या खोलीपर्यंत किती? उतरायच्या की चढायच्या?
- नाश्ता खोलीवर मिळतो की वर जावं लागतं?
- आमच्या तारखांना गच्चीतून सूर्य समुद्रात मावळताना दिसतो का?
- गच्ची वरच्या वाटेवरून किंवा शेजारून दिसते का?
- पूलचं पाणी त्या महिन्यात किती अंशांवर असतं?
- सामान कोण नेणार?

पायऱ्यांचा प्रश्न सर्वांत वर ठेवला आहे, कारण लिफ्ट बहुतेक ठिकाणी नसते. "थोड्याशा पायऱ्या" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा, आकडा मागा. आमच्या खोलीपर्यंत ९४ होत्या. पर्वती चढल्यासारखंच, फक्त इथे देव खाली आणि गाडी वर. दिवसातून दोनदा वर-खाली केलं की गुडघे बोलायला लागतात. शिवाय पायऱ्या एकसारख्या नसतात, एक वीतभर तर पुढची हातभर, आणि हजारो पावलांनी गुळगुळीत झालेल्या. सपाट तळाचे, रबरी सोलचे बूट न्या. फोटोसाठी हील्स हव्याच असतील तर पिशवीत.

आईवडलांना बरोबर नेणार असाल तर त्यांच्यासाठी कड्याच्या माथ्यावरची, रस्त्याजवळची खोली मागा. लहान मुलं असतील तर आधीच विचारा. इथली बरीच हॉटेलं ठरावीक वयाखालच्या मुलांना घेतच नाहीत. गच्च्यांचे कठडे बघितले की कारण समजतं.

पाचवी पायरी: पैशांचं गणित

हंगामात काल्देराकडच्या बऱ्या केव्ह सूटला रात्रीचे चारशे-पाचशे युरो सहज लागतात. नामांकित हॉटेलांत हजाराच्या वर. त्यावर सरकारचा हवामान शुल्काचा भार. २०२५ पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये पंचतारांकित हॉटेलात दर खोलीला दर रात्री १५ युरो, चार तारांकितला १०. हा बहुधा बुकिंगच्या रकमेत नसतो, हॉटेलात वेगळा भरावा लागतो. तीन रात्रींचे ४५ युरो बाजूला काढून ठेवा. आपल्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो. हजार-दीड हजार युरोंच्या बिलावर तो चांगलाच जाणवतो, तेव्हा कमी अधिभाराचं कार्ड शोधा.

खर्च वाचवण्याची एक सोपी युक्ती आहे. सगळ्या रात्री कड्यावर काढू नका. या खोलीचे पैसे गच्चीतल्या उजेडाचे आहेत. रात्री दहाला पोचणार असाल तर ती रात्र कामारीला किंवा फिराच्या आतल्या बाजूला, पाव किमतीत काढा. मग कड्यावर दोनच रात्री, पण दुपारी तीनच्या चेक-इनला दारात हजर. आणि त्या दोन दिवसांत सहली ठेवायच्या नाहीत. आक्रोतिरीची राखेखाली गाडली गेलेली कांस्ययुगीन नगरी (१९६७ पासून तिथे उत्खनन झालं), ज्वालामुखीच्या नेआ कामेनी बेटावरची बोट, हे सगळं स्वस्त खोलीच्या दिवसांत उरकायचं.

सहावी पायरी: पोचायचं कसं

मुंबईहून दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे अथेन्स. तिथे आता बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, रांग लांबते. पुढच्या विमानाला निदान तीन तास ठेवा. अथेन्सहून विमान पाऊण तासाचं. किंवा अथेन्सचं बंदर पिरेयस, तिथून बोट, जलद असेल तर पाच तास, मोठी असेल तर साडेसात-आठ. मोठ्या बोटीच्या डेकवरून काल्देरात शिरताना कड्यावर बर्फ पडल्यासारखी गावं दिसायला लागतात, त्यासाठी जाताना बोट आणि येताना विमान असा बेत करावा. वारा फार वाढला की बोटींना निघायला मनाई होते. म्हणून परतीच्या आंतरराष्ट्रीय विमानाआधीची रात्र अथेन्सलाच काढा.

बोट अथिनिओस बंदराला लागते. तिथून नागमोडी घाट चढून वर. बेटावर टॅक्सी मोजक्या आहेत, हॉटेलला सांगून गाडी ठेवा. ती हॉटेलच्या दारात जात नाही, चौकात थांबते. तिथे हॉटेलचा माणूस उभा असतो. आमचा पंचविशीतला पोरगा होता. त्याने नवऱ्याची तेवीस किलोची बॅग तान्ह्या बाळासारखी खांद्यावर घेतली आणि पायऱ्यांकडे न बघता उतरत गेला. आम्ही भिंतीला हात लावत मागे. मोठी बॅग अथेन्सला ठेवून यायला हवं होतं, हे तेव्हा सुचलं. त्या मुलाला पाच-दहा युरो द्यायचे, सुटे आधीच खिशात ठेवायचे.

तिथे गेल्यावर

नळाचं पाणी बहुतांशी समुद्राचं, क्षार काढलेलं असतं. ते प्यायचं नाही, बाटलीचंच घ्या. टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. सांडपाण्याचे पाईप अरुंद आहेत, आणि पंचतारांकित खोलीतही ही सूचना चिकटवलेली दिसेल.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. इथली "फावा" म्हणजे लाखोळीच्या गोतातल्या स्थानिक पिवळ्या डाळीचं घट्ट वरण. विदर्भातल्या माणसाला ओळखीचं वाटेल. वर कच्चा कांदा, केपरच्या खारवलेल्या कळ्या आणि ऑलिव्हचं तेल. टोमॅटोची भजी मिळतात, त्यांना तोमातोकेफ्तेदेस म्हणतात. पांढरी वांगी मिळतात. "होरिस क्रेआस" म्हणजे मांस नको. "निस्तीसिमो" म्हणजे त्यांचं उपवासाचं. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण कोळंबी-माकुळ चालते, म्हणून ताटात बघून खा. नाश्त्याचा कागद आदल्या रात्री भरून द्यावा लागतो. तो विसरलात तर सकाळी कॉफीवर भागवा.

फिरा ते ईआ ही कड्यावरची पायवाट सुमारे दहा किलोमीटर, तीन-चार तासांची. सकाळी सातला निघा, मध्ये सावली नाही. ईआखालच्या अम्मूदी बंदराला दोनशेहून जास्त पायऱ्या उतरून जाता येतं, फिराच्या जुन्या बंदराला ५८८. तिथे गाढवं उभी असतात. शंभर किलोच्या वरचं ओझं त्यांच्यावर लादू नये असा नियम ग्रीसने २०१८ मध्ये केला. आम्ही बसलो नाही. फिराला केबल कार आहे, अम्मूदीहून वर यायला गाडी मिळते.

२०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत इथे भूकंपाच्या हजारो लहान धक्क्यांची मालिका झाली आणि हजारो लोक काही आठवडे बेट सोडून गेले होते. निघण्याआधी बातम्या बघा आणि विम्यात प्रवास रद्द होण्याचं कलम आहे ना ते तपासा. खोलीत शिरल्यावर बाहेर पडायची वर जाणारी वाट एकदा दिवसाउजेडी बघून ठेवा.

निघायच्या दिवशी चेकआउट बहुधा अकराला असतो. बॅग दाराबाहेर ठेवून फोन केला की तो मुलगा येऊन वर नेतो. बॅगेची काळजी मिटते, आपल्याला मात्र आपल्याच पायांनी चढायचं असतं. वीस मिनिटं आधी निघा, पाण्याची बाटली हातात ठेवा. आमच्या वाटेवर साठाव्या पायरीला एक दगडी ओटा होता आणि त्यावर कायम एक मांजर. ते सरकत नाही, शेजारी बसावं लागतं.